मुख्याध्यापकांची ऑनलाइन व्यासपीठे : हुकूम की सल्लामसलत?

शिक्षकाला शिक्षकखोलीत सहकारी भेटतो. मुख्याध्यापकाला मात्र आपल्या बरोबरीचा माणूस शाळेबाहेरच शोधावा लागतो. ऑनलाइन व्यासपीठांची गरज येथूनच निर्माण होते. बेळगावलगतच्या पिरनवाडीसारख्या सीमाभागातील गावांच्या दृष्टीने ही व्यासपीठे कितपत उपयोगी ठरतात, याची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

कर्नाटकात २०११ साली राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान, राज्य शिक्षण संशोधन व प्रशिक्षण विभाग आणि बंगळूरची ‘आयटी फॉर चेंज’ ही संस्था यांनी मिळून ‘विषय शिक्षक मंच’ सुरू केला. सरकारी माध्यमिक शाळांतील गणित, विज्ञान व समाजविज्ञानाचे शिक्षक ई-मेलद्वारे एकमेकांशी जोडले गेले. प्रश्न शिक्षकानेच विचारावा आणि उत्तरही शिक्षकानेच द्यावे, हे या प्रयोगाचे खरे बळ होते. इस्लामी परंपरेतील ‘शूरा’ म्हणजे परस्पर सल्लामसलत, ती याहून वेगळी नाही. मात्र त्यातून उभे राहिलेले साहित्य मुख्यतः कन्नड व इंग्रजीत राहिले.

केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला व ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’वर ऑनलाइन आला. प्राथमिक स्तरासाठीच्या त्याच्या १८ घटकांत शालेय नेतृत्वाचाही समावेश होता. व्याप्ती मोठी, परंतु प्रत्येकाने एकट्याने पाहावे, प्रश्नावली सोडवावी आणि प्रमाणपत्र घ्यावे, अशी त्याची रचना. यातून माहिती मिळते, सोबत मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप गटांचेही पुष्कळदा असेच होते : वरून परिपत्रक येते, खालून ‘माहिती पाठवली’ एवढाच निरोप जातो. याला सहकार्य म्हणता येणार नाही.

सीमाभागात भाषेची अडचण त्यात भर घालते. कर्नाटकात मराठी व उर्दू माध्यमांची पाठ्यपुस्तके राज्यच तयार करते, पण परिपत्रके कन्नडमध्ये येतात. महाराष्ट्रातील गटांची मराठी आपली वाटते. तेथील अभ्यासक्रम, परीक्षा व सेवानियम मात्र वेगळे. म्हणून पिरनवाडीच्या मराठी किंवा उर्दू शाळाप्रमुखाचे खरे समव्यवसायी कोल्हापुरात नसून निपाणी, खानापूर आणि थेट बिदर-भालकीपर्यंत विखुरलेले आहेत. एवढे अंतर महिन्याच्या बैठकीने कापता येत नाही, ऑनलाइन व्यासपीठाने येते. नेमके तेच व्यासपीठ या भाषांत पुरेसे उभे राहिलेले नाही.

येथे महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी सुरू होते. कन्नड परिपत्रकांचा मराठी-उर्दू सारांश, प्रशासकीय शब्दांचा त्रैभाषिक कोश आणि दरमहा एकाच प्रश्नावर चर्चा, एवढे काम भाषा विभागांना सहज पेलण्याजोगे आहे. सातवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुली, कन्नडची धास्ती घेणारी मुले, पटसंख्येअभावी धोक्यात आलेले वर्ग हे प्रश्न तेथे मुख्याध्यापकांनीच मांडावेत. अधिकाऱ्यांनी ते वाचावेत, पण उत्तराची घाई करू नये. जेथे आपली अडचण उघडपणे सांगण्याची भीती वाटते, तेथे कितीही यंत्रे जोडली तरी माणसे जोडली जात नाहीत.