लानगोलेनची बैठक

'आयस्तेदवोद' हा वेल्श शब्द प्रथम वाचनात आला तेव्हा तो उच्चारायचा कसा, याचीच धास्ती वाटली होती. पुढे कळले, की त्याच्या मुळाशी 'बसणे' हे अगदी साधे क्रियापद आहे. गाण्यासाठी, कवितेसाठी चार माणसे एकत्र बसतात ते आयस्तेदवोद. म्हणजे आपली बैठकच की! इंग्रजी कोशात या शब्दासाठी 'महोत्सव', 'स्पर्धा' असे भारदस्त पर्याय दिलेले असतात. मराठी माणसाला मात्र मधल्या इंग्रजीचा पूल न ओलांडता थेट त्या शब्दाच्या घरात शिरता येते.

ज्या गावाच्या बैठकीविषयी मी लिहिणार आहे त्याचे नावही तसेच अवघड. आपण सोयीसाठी 'लानगोलेन' म्हणू. 'लान' म्हणजे चर्च आणि त्याचे आवार. कोलेन नावाच्या संताचे ते लानगोलेन. या नावातला 'ल' मात्र आपला ल नव्हे. जीभ ल च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडायची, असा तो उच्चार. तो इंग्रजांना जमत नाही आणि वेल्श माणसाला त्याचा अभिमान आहे. आपला 'ळ' आठवावा. तो कानडीला आणि मराठीला सारखाच प्रिय आहे; मात्र उत्तरेकडचे पाहुणे आले की बेळगावचे 'बेलगाव' होते आणि आपण व ते शेजारी, दोघेही एकाच वेळी हसतो. सीमेवरच्या माणसांना जोडणाऱ्या गोष्टी अशा बारीकसारीकच असतात.

२०२३ च्या जुलैत मँचेस्टरला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून तिथे जाऊन आलो. रुआबन स्टेशनवर उतरून पुढे बसने जायचे. गाव जेमतेम साडेतीन हजार वस्तीचे. डी नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल, पुलापासून वर चढत गेलेली बाजारपेठ, आणि माथ्यावर दिनास ब्रान या तेराव्या शतकातल्या किल्ल्याचे पडके अवशेष. चारेक मैलांवर टेल्फर्डने बांधलेला, १८०५ साली खुला झालेला पोंतकिसिल्ते जलसेतू आहे. सव्वाशे फूट उंचीवरून कालव्याचे पाणी नेणारा. २००९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इंग्लंडची सीमा इथून हाकेच्या अंतरावर. दुकानांवर दोन भाषा, पण कानावर पडते ती बहुधा इंग्रजीच.

अशा गावी १९४७ सालापासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. त्याची कल्पना ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणाऱ्या हॅरल्ड ट्यूडर यांची. युद्धकाळात वेल्श राष्ट्रीय आयस्तेदवोदला आलेल्या परदेशी पाहुण्यांची भारावलेली मने त्यांनी पाहिली होती. युद्धाने फाटलेल्या युरोपातली माणसे गाण्याच्या निमित्ताने एका मांडवात आणावीत, असे त्यांना वाटले. संगीतकार डब्ल्यू. एस. ग्विन विल्यम्स लानगोलेनचेच; त्यांनी ही कल्पना गावात रुजवली. शिक्षक जी. एच. नॉर्दिंग यांनी संघटनेचा भार उचलला. पहिल्याच वर्षी फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला आणि परदेशी गायकवृंद येतात की नाही, अशी चिंता पडली. हंगेरीचा कामगारांचा वृंद वाटेत मिळेल त्या वाहनाला हात करीत येऊन पोहोचला. पाहुण्यांना गावकऱ्यांनी आपापल्या घरी उतरवून घेतले. त्या काळी ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाहुणचाराचे मोल कळते.

या महोत्सवाच्या दोन गोष्टी तिथे कुणीही सांगतो. पहिली १९४९ ची. ल्यूबेकहून जर्मन गायकांचा वृंद प्रथमच आला. युद्ध संपून चारच वर्षे झाली होती. प्रेक्षकांत मुलगा, भाऊ, नवरा गमावलेली माणसे बसलेली. मंचावरच्या निवेदकाने त्यांची ओळख 'आपले मित्र' अशी करून दिली आणि मांडवाने टाळ्यांनी त्यांना आत घेतले. दुसरी गोष्ट १९५५ ची. इटलीतल्या मोदेना गावच्या पुरुषवृंदाने पहिले पारितोषिक मिळवले. त्यात फेर्नांदो नावाचा एक पाववाला होता आणि शेजारी त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा लुचानो पावारोत्ती. चाळीस वर्षांनी, १९९५ साली, जगप्रसिद्ध झालेला तो मुलगा गाण्यासाठी याच गावी परत आला.

दुसऱ्या गोष्टीचा उपयोग आता जाहिरातीसाठी होतो, आणि माझा आक्षेप तिथून सुरू होतो. १९५५ च्या त्या यशाचे सौंदर्य लुचानो ओळखू येत नव्हता, यात आहे. वृंदगानात एखाद्याचा आवाज वर आला तर तो दोष ठरतो. ज्याच्या गळ्याने पुढे जग जिंकले, त्याने त्या दिवशी आपला गळा बापाच्या आणि गाववाल्यांच्या गळ्यात मिसळून टाकला होता. ती कथा एका महापुरुषाच्या उदयाची म्हणून सांगितली की तिच्यातला मोदेना गाव नाहीसा होतो. उरतो तो फक्त नट.

मी पाहिलेल्या दिवशी सकाळी पावसाची भुरभुर होती. मंडपाचे छत ताणलेल्या पडद्यासारखे आहे. तिथे १९९२ पासून कायमची वास्तू झाली आहे. मंचाच्या पुढे गावातल्या स्वयंसेवकांनी रचलेली फुलांची भिंतच्या भिंत. ही फुलांची परंपरा जुनी. आपल्याकडे समईभोवती रांगोळी घालणाऱ्या बायका कार्यक्रमपत्रिकेत नसतात, पण त्यांच्यावाचून कार्यक्रम कार्यक्रम वाटत नाही, तसेच काहीसे. एकामागून एक वृंद येत होते. वीस-पंचवीस माणसे, हातात कागद नाही, डोळे निर्देशकाच्या बोटांवर. एका वृंदाने शेवटचा स्वर इतका हळू सोडला की तो कधी संपला आणि छतावरचा पाऊस कधी ऐकू येऊ लागला, हे सांगता आले नसते. त्या क्षणासाठी मी मुलीचे दोनदा आभार मानले.

पण गुण जाहीर झाले आणि मनात शंका उभी राहिली. या स्पर्धेचे माप कोणते? स्वरांचा मेळ, चार पट्ट्यांतले संतुलन, शब्दांची स्वच्छता. हे माप युरोपच्या चर्चमधून आणि वेल्श खाणकामगारांच्या प्रार्थनामंदिरांतून आले आहे, आणि त्या संगीतासाठी ते उत्तमच आहे. पण महोत्सव 'आंतरराष्ट्रीय' झाला तेव्हा गाणारे जगभरचे झाले, माप मात्र तिथलेच राहिले. आपली दिंडी डोळ्यांपुढे आणावी. पन्नास टाळकरी एकाच चालीत गातात. मेळ सगळ्यांचा असतो, पण चार पट्ट्यांचा नसतो. कुणाचा आवाज फाटका, कुणाचा चिरका, आणि त्या फाटक्या आवाजांतच अभंगाची खरी उंची असते. परीक्षकाने तिला गुण द्यायचे कशाचे? लोकगीत-लोकनृत्याचा वेगळा विभाग तिथे आहे, पंजाबचे भांगड्याचे गट तिथे जाऊन गाजलेही आहेत. पण तिथेही नेमून दिलेल्या मिनिटांत, एका दिशेला तोंड करून नाचायचे. पीक घरात आल्याचा आनंद घड्याळ लावून दाखवायचा म्हटले की कसरत वाढते आणि आनंद आटतो. हा दोष एकट्या लानगोलेनचा नाही. आपल्या युवक महोत्सवांतली लोकनृत्येही मला याच कारणाने सर्कशीकडे झुकलेली वाटतात.

दुसरा प्रश्न पैशाचा. २०२० साली महासाथीने महोत्सव रद्द झाला आणि त्यानंतर आर्थिक ओढाताण वाढली. २०२४ साली ब्रायन अॅडम्स, टॉम जोन्स अशा मोठ्या नावांचे जलसे त्याच मंडपात लावले गेले. जुन्या मंडळींना हे खटकते. मला त्यात पाप दिसत नाही. कीर्तन टिकावे म्हणून जत्रेत पाळणे लागतातच. पण पाळण्यांच्या आवाजात कीर्तन ऐकू येईनासे झाले की हिशेब चुकला म्हणायचा. उद्या वृंदांचे दिवस कमी झाले आणि ताऱ्यांच्या रात्री वाढल्या, तर लानगोलेन आणि इतर कोणतेही मैदान यांत फरक उरणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, कारण ती भाषेची आहे. या महोत्सवाचे वेल्श ब्रीद टी. ग्विन जोन्स या कवीने रचले आहे. गाणाऱ्या जगाला ते धन्य म्हणते. त्यात 'ग्विन' हा शब्द आहे. कोशात त्याचा पहिला अर्थ 'पांढरा'. पण वेल्शमध्ये तो मंगल, पवित्र, सुखी अशा अर्थांनीही नांदतो, आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनात 'धन्य' म्हणायला वेल्श बायबल हाच शब्द वापरते. २०२३ साली महोत्सवाला नवे रूप देण्याचा विचार चालला असता अशी भीती पुढे आली, की वेल्श न जाणणारा कुणी याचे भाषांतर 'पांढरे जग' असे करील, आणि विश्वबंधुत्वाच्या उत्सवावर वर्णद्वेषाचा डाग येईल. ब्रीद बाजूला ठेवण्याचे ठरू लागले. वेल्श लेखक आणि रसिक उसळून उठले. अखेर ब्रीद कायम राहिले.

भीती घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या कातडीच्या रंगावरून त्याला हिणवले गेले आहे, त्याच्या मनाला जपावे, ही भावना चांगलीच. पण इलाज पाहा! ज्याला भाषा येत नाही त्याच्या संभाव्य गैरसमजासाठी ज्याला ती येते त्याने आपला शब्द पुसायचा. आपल्या शेतकऱ्याला विचारा : 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची. या दोन शब्दांवर गावगाडा उभा राहिला. उद्या कुणी शब्दकोश उघडून म्हणाला, की हे लोक गोऱ्यांना घर देतात आणि काळ्यांना शेतात राबवतात, तर आपण 'पांढरी' हा शब्द टाकून द्यायचा, की त्या गृहस्थाला बसवून घेऊन, चहा पाजून, त्याचा अर्थ सांगायचा? पाहुण्याला शब्द समजावून सांगणे हाही पाहुणचारच आहे. आणि १९४९ साली जर्मन गायकांना मित्र म्हणणाऱ्या मांडवाला तरी हे नव्याने शिकवायला नको होते.

वेल्श लोकांचा दुसरा, अधिक जुना आणि मोठा उत्सव म्हणजे राष्ट्रीय आयस्तेदवोद. तो दरवर्षी नव्या गावी भरतो आणि १९५० पासून त्याच्या व्यासपीठावर केवळ वेल्श भाषाच चालते. तो आपल्या साहित्य संमेलनासारखा. लानगोलेनच्या एकच वर्ष आधी, १९४६ साली, बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आपली भाषा आपल्या घरात मोठ्याने बोलता आली पाहिजे, हा आग्रह दोन्हीकडे सारखा. तो सोडावा असे मी कधीच म्हणणार नाही. ज्यांनी तो धरला त्यांच्यामुळेच मी आज हे मराठीत लिहितो आहे. पण वेल्श लोकांनी त्याच्या जोडीला दुसरी बैठकही मांडली. पहिलीत ते स्वतःशी बोलतात, दुसरीत जगाला घरी बोलावतात. पहिली भक्कम आहे म्हणूनच दुसरीत त्यांना मोकळेपणाने हसता येते.

आपल्याकडे पहिली आहे. दुसरी आहे का? परतल्यावर हा प्रश्न मला सोडीना. आणि मग कुंदगोळ आठवले. धारवाडजवळच्या त्या लहान गावचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व झाले. त्यांच्याकडे शिकलेल्या गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी कानडी घरांतली. भीमसेनांनी गायिलेले अभंग ऐकताना कोणत्या मराठी घराने त्यांची मातृभाषा विचारली? सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ कुंदगोळात गाण्याची बैठक भरत आली आहे. तिला दोन्ही भाषांचे रसिक जातात आणि दाद देताना 'वाह' म्हणतात, जे दोन्हीकडे चालते. म्हणजे आपले लानगोलेन आपल्या दारातच होते. आपणच त्याच्याकडे सीमाप्रश्नाच्या बाहेरची, निव्वळ गाण्याची गोष्ट म्हणून पाहिले. त्याला पावारोत्तीची जाहिरात लाभली नाही, हे एका परीने बरेच झाले.

लानगोलेनहून निघताना बस पुलापाशी थांबली होती. चौकात कुठल्याशा देशाच्या मुली भरजरी पोशाखात वडापावसारखे काहीतरी खात उभ्या होत्या आणि एक म्हातारा गावकरी त्यांना आपल्या गावाचे नाव म्हणायला शिकवीत होता. मुली चुकत होत्या, हसत होत्या. तो न कंटाळता पुन्हा म्हणून दाखवीत होता. त्या दिवशीची सगळ्यांत चांगली बैठक मला तीच वाटली. तिला परीक्षक नव्हते, तिकीट नव्हते. आणि त्या म्हाताऱ्याने पाहुण्यांच्या सोयीसाठी आपल्या नावातले एकही अक्षर सोपे केले नव्हते.