हार्लेमची चित्रे आणि आपली हलगी

दलित साहित्याच्या चर्चेत काळ्या अमेरिकनांचा उल्लेख नवा नाही. १९७२ साली ‘दलित पँथर’ हे नाव तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून आले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. पण आपण तिकडून घेतला तो शब्द. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील चित्रकार-शिल्पकारांनी उभा केलेला प्रश्न मात्र आपण बाजूलाच ठेवला. शोषितांचे जीवन कलेत आले म्हणजे पुरे झाले काय? की ते कोणी मांडावे, हेही शोषितांनीच ठरवायचे?

जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ‘हार्लेम ऑन माय माइंड’ हे भव्य प्रदर्शन भरवले. त्यात वस्तीची छायाचित्रे होती, ध्वनिमुद्रणे होती. पण एकाही काळ्या चित्रकाराचे चित्र वा शिल्पकाराचे शिल्प नव्हते. या प्रदर्शनामुळे जेम्स व्हॅन डर झी हा हार्लेमचा वृद्ध छायाचित्रकार जगापुढे आला, हे मान्य केले पाहिजे. तरीही बेनी अँड्र्यूज, नॉर्मन लुईस आदी कलावंत फलक घेऊन म्युझियमच्या दारात उभे राहिले. त्यांचे म्हणणे रास्त होते. वस्ती पाहण्यासारखी ठरली, वस्तीतला कलावंत मात्र ठरला नाही.

वास्तविक हार्लेमकडे कलावंतांची वाण नव्हती. तेथील कलावर्गांत शिकलेल्या जेकब लॉरेन्सने १९४०-४१ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या काळ्या कष्टकऱ्यांवर साठ चित्रांची मालिका रंगवली. त्याचे आईवडील त्याच वाटेने आलेले होते. आपल्या जिल्ह्यातूनही कळंब, भूम, वाशीकडची माणसे दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. कोयत्याच्या घरातील हाताने रंगवलेली अशी मालिका मात्र माझ्या पाहण्यात नाही.

हाच प्रश्न हलगीलाही लागू पडतो. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली. तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. वतन ही गुलामी आहे, ही जाणीव या मातीत तेव्हाच रुजली. मातंगाची हलगी गावकीचा भाग होती. ती ज्यांनी खाली ठेवली, त्यांनी योग्यच केले. आज तीच हलगी महोत्सवांच्या व्यासपीठावर ‘लोककला’ म्हणून वाजते. पत्रिकेवर पाहुण्यांची नावे ओळीने असतात. वादकांसाठी ‘हलगी पथक’ हे दोन शब्द पुरतात.

हलगी ही केवळ गुलामीची खूण, म्हणून ती टाकून द्या, असे आपल्यातील काही म्हणतात. काही तिला वारसा म्हणून डोक्यावर घेतात. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. आपल्या माणसांच्या संगीताची कलावंताने लाज बाळगू नये, असे लँग्स्टन ह्यूजने १९२६ सालीच बजावले होते. पण लाज सोडणे वेगळे आणि हुकमाने वाजवणे वेगळे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, स्वतःचे नाव आणि ठरलेले मानधन, या तीन गोष्टी वादकाच्या हाती असतील तर ती कला. नसतील तर व्यासपीठ कितीही उंच असो, ते वतनच आहे.

१९६८ साली ‘स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम’ सुरू झाले ते भाड्याच्या जागेत. म्हणजे जागेची अडचण आपल्यालाच आहे असे नाही. अडचण दृष्टीची आहे. आपली नियतकालिके कवितासंग्रहावर चार-चार पाने खर्च करतात आणि मुखपृष्ठाच्या चित्रकाराला एका ओळीत उरकतात. हलगीचे ठेके कोणी बांधले, कोणी कोणाला शिकवले, कोणत्या वादकाची बोटे वेगळी बोलतात, हे आपल्या समीक्षेने अद्याप विचारलेले नाही. प्रस्थापितांच्या म्युझियमला जाब विचारण्याआधी ही विचारणा आपल्याच पानांवर सुरू झाली पाहिजे.