'रिकामे' कुरण आणि 'स्वर्गीय' किनारा : टांझानियातील दांपत्य-सहलीच्या आराखड्याची चिकित्सा

प्रस्तावना :

'सफारी' हा शब्द मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. अरबी 'सफर' या शब्दापासून स्वाहिली भाषेत 'सफारी' आला आणि त्याच मुळापासून फारसीच्या वाटेने मराठीत 'सफर' रूढ झाला. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ आजही 'प्रवास' एवढाच आहे. व्यापारी तांडा अंतर्भागात निघाला की ती सफारी आणि एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेल्या माणसाचा प्रवासही सफारीच. इंग्रजीत गेल्यावर मात्र या शब्दाचा अर्थसंकोच झाला. प्रथम शिकाऱ्याची आणि नंतर छायाचित्रे टिपणाऱ्या पाहुण्याची वनयात्रा, एवढाच अर्थ त्यात उरला. तोच संकुचित अर्थ घेऊन हा शब्द पर्यटन संस्थांच्या माहितीपत्रकांतून मराठीत दाखल झाला आहे.

टांझानियाच्या उत्तरेकडील वन्यजीव क्षेत्रे आणि झांझिबारचा किनारा यांना जोडणारी, नवविवाहित वा मध्यमवयीन दांपत्यांसाठी आखलेली ऐषारामी सहल आज जगभर विकली जाते. प्रस्तुत लेखात अशा सहलीच्या आराखड्याकडे एक 'संहिता' म्हणून पाहिले आहे. ही संहिता काय सांगते, कोणत्या क्रमाने सांगते आणि काय वगळते, याची चिकित्सा करणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

आराखड्याची कथनरचना :

अशा आराखड्याचा क्रम सहसा ठरलेला असतो. आरुशापासून आरंभ, एन्गोरोंगोरो विवर, सेरेंगेटीतील तंबू-निवास आणि शेवटी लहान विमानाने झांझिबार. जंगल आधी आणि समुद्र नंतर, या क्रमामागे व्यावहारिक कारण आहे. पहाटे उठणे, धुळीच्या रस्त्यावर तासन्‌तास बसणे यांचा शीण किनाऱ्यावर उतरवता येतो. काळाची निवडही निसर्गाने बांधलेली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत वाइल्डबीस्टचे कळप दक्षिणेकडील न्दुतूच्या कुरणांत विण्यासाठी असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात ते उत्तरेस मारा नदी ओलांडतात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असून त्यात अनेक तंबू-निवास बंद राहतात. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत झांझिबारमध्येही हवा कोरडी असते. म्हणून जंगल व समुद्र यांचा मेळ या काळात उत्तम जमतो. लहान विमानात सामानाची मर्यादा सामान्यतः १५ किलोची आणि तेही मऊ पिशवीत, ही अटही नियोजनात येते.

हा सर्व तपशील उपयुक्त आहे, याविषयी वाद नाही. परंतु कथनाच्या दृष्टीने पाहता या आराखड्यात तीन अंक दिसतात : थरार, विस्मय आणि विश्रांती. नायक-नायिका दोनच आहेत. वाटाड्या, स्वयंपाकी, वाहनचालक ही सेवाकार्यापुरती येणारी पात्रे आहेत. प्राण्यांना मात्र स्वभाव, कुटुंब आणि संघर्ष बहाल केलेला असतो. केनियन लेखक बिन्यावांगा वैनाइना यांनी २००५ साली 'ग्रांटा' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या उपरोधिक निबंधात नेमक्या याच लेखनरीतीवर बोट ठेवले होते. आफ्रिकेत प्राणी संपूर्ण व्यक्तिरेखा होतात आणि माणसे पार्श्वभूमी होतात, हे त्यांचे निरीक्षण माहितीपत्रकांना आजही लागू पडते.

'रिकाम्या' कुरणाची निर्मिती :

दांपत्य-सहलीच्या संहितेला एकांत हवा असतो. दूरवर पसरलेले गवत, एक बाभूळ, दोन खुर्च्या आणि मावळता सूर्य हे तिचे मध्यवर्ती चित्र आहे. या चित्रात माणूस नाही, हे ते नैसर्गिक असल्याचे लक्षण मानले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ साली स्थापन झाले. १९५९ साली ब्रिटिश वसाहत-शासनाने सीमा बदलून मासाई पशुपालकांना उद्यानाबाहेर काढले आणि एन्गोरोंगोरो हे वेगळे संरक्षित क्षेत्र निर्माण केले, जेथे पशुपालक व वन्यजीव यांनी एकत्र राहावे असे ठरले. म्हणजे कुरणाचे रिकामेपण हे एका प्रशासकीय निर्णयाचे फलित आहे.

याच वर्षी बर्नहार्ड ग्झिमेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचा 'सेरेंगेटी मरता कामा नये' या आशयाच्या शीर्षकाचा अनुबोधपट प्रदर्शित झाला. चित्रीकरण व प्राणिगणनेच्या काळात त्यांचा मुलगा मिखाएल विमान अपघातात मरण पावला. या अनुबोधपटाला १९६० साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. वन्यजीव वाचविण्यातील ग्झिमेक यांचे कार्य नाकारता येणार नाही. परंतु विमानातून घेतलेल्या त्या दृश्यांनी निर्मनुष्य आफ्रिकेची प्रतिमा जगाच्या मनात घट्ट केली, हेही नाकारता येत नाही. आजच्या माहितीपत्रकातील छायाचित्र त्याच दृष्टीचा वारसा सांगते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२२ साली सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडो भागात सुमारे १५०० चौरस किलोमीटर क्षेत्राची सीमा आखताना मासाई व सुरक्षा दले यांत संघर्ष झाला. त्याच वर्षापासून एन्गोरोंगोरोतील कुटुंबांना तांगा प्रांतातील म्सोमेरा येथे हलविण्याची योजना सुरू झाली. शासनाच्या मते हे स्थलांतर ऐच्छिक आहे. अनेक मासाईंना ते मान्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी एन्गोरोंगोरोतील पर्यटकांच्या वाटेवरच मोठी निदर्शने केली. ज्या रस्त्याने दांपत्याची गाडी जाते, तोच रस्ता वादाचा विषय झाला. आराखड्यात मात्र तो 'निसर्गरम्य प्रवास : तीन तास' अशा एका ओळीत उरकला जातो.

प्रणयाचा उसना साचा :

ऐषारामी तंबूची सजावटही संहितेचाच भाग आहे. कापडी छत, पितळी कंदील, तांब्याचे न्हाणीपात्र, जुना ग्रामोफोन हे सारे कोठून आले? कॅरेन ब्लिक्सन यांचे 'आउट ऑफ आफ्रिका' हे आठवणीपर पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. केनियातील न्गोंग टेकड्यांजवळच्या कॉफीच्या मळ्याची ती कथा. १९८५ साली सिडनी पोलॅक यांनी तिच्यावर आधारित चित्रपट केला व त्याला सात ऑस्कर मिळाले. पुस्तकात मळ्यावरील किकुयू माणसांना मोठी जागा आहे; चित्रपटात ती आक्रसते आणि प्रणयकथा केंद्रस्थानी येते. नदीकाठी नायिकेचे केस धुणारा नायक, कुरणात वाजणारे मोझार्टचे संगीत, दोघांचे विमानोड्डाण या प्रतिमा पुढे दांपत्य-सहलीच्या 'अनुभव' म्हणून विकल्या जाऊ लागल्या. थोडक्यात, साहित्यातून चित्रपटात आणि चित्रपटातून विक्रीपत्रात जाताना प्रत्येक टप्प्यावर माणसे कमी होत गेली. वसाहतकाळ हा येथे अन्यायाचा काळ न राहता सजावटीची एक शैली ठरतो.

किनारा आणि 'स्वर्ग' :

आराखड्याच्या तिसऱ्या अंकात 'स्वर्ग' हा शब्द हमखास येतो. झांझिबारमध्ये १९४८ साली जन्मलेले आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे अब्दुलरझाक गुर्ना यांच्या १९९४ च्या कादंबरीचे नावही 'पॅरडाइज' म्हणजे स्वर्गच आहे. तीत वडिलांच्या कर्जापोटी युसुफ नावाचा मुलगा अझीझ या व्यापाऱ्याच्या हवाली केला जातो. अझीझच्या घराची सुंदर बाग हा युसुफचा स्वर्ग. परंतु त्या बागेत वावरणारी माणसे मोकळी नाहीत. पुढे युसुफ व्यापारी तांड्याबरोबर किनाऱ्याहून अंतर्भागात जातो. मूळ अर्थाने 'सफारी' ती हीच. दांपत्य-सहल नेमक्या उलट दिशेने, अंतर्भागाकडून किनाऱ्याकडे येते आणि मूळ सफारीतील ओझे, ऋण व भय यांचा मागमूस ठेवत नाही. या कादंबरीत कालासिंगा हा शीख यंत्रकारागीर आहे, भारतीय सावकारही आहेत. त्यामुळे भारतीय वाचकाला या किनाऱ्याकडे केवळ पाहुणा म्हणून पाहता येत नाही. ईशान्य मोसमी वाऱ्यांवर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबते तेथे जात आणि नैर्ऋत्य वाऱ्यांवर परतत. त्या व्यापारात आणि तेथील कर्जव्यवहारात भारतीयांचाही वाटा होता.

स्टोन टाउनला २००० साली जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला व त्या जागी अँग्लिकन चर्च उभे राहिले. आराखड्यात या स्थळासाठी अर्धा दिवस असतो. उरलेले दिवस पूर्व किनाऱ्यासाठी. तेथे भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या वेळी सुमारे चार मीटरपर्यंत जातो आणि ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते. माहितीपत्रकातील छायाचित्र अर्थातच भरतीच्या वेळचे असते. ओहोटीच्या उघड्या पडलेल्या वाळूत पाजे, जाम्बियानी यांसारख्या गावांतील स्त्रिया 'मवानी' नावाच्या समुद्रशेवाळाची शेती करतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या शेतीने अनेक स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचे पैसे आले. पर्यटकाला जी वेळ निरुपयोगी वाटते, ती या स्त्रियांची कामाची वेळ आहे. एकाच समुद्राची ही दोन वेळापत्रके आहेत आणि आराखड्यात त्यांपैकी एकच छापले जाते.

एक आक्षेप व त्याचा विचार :

अशा चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो. पर्यटन नसते तर अभयारण्ये राखण्यास पैसा कोठून आला असता? हा आक्षेप गंभीर आहे. टांझानियात २०१९ साली सुमारे १५ लाख परदेशी पर्यटक आले. २०२० साली महासाथीमुळे ही संख्या सुमारे ६ लाखांवर घसरली आणि वाटाड्यांपासून भाजी पुरविणाऱ्यांपर्यंत अनेकांची मिळकत आटली. म्हणून सहलच करू नये, हा निष्कर्ष उथळ ठरेल. मात्र पर्यटनाचा पैसा आवश्यक आहे एवढ्याने तो कोणाच्या जमिनीवरून मिळतो व कोणाच्या हाती जातो, हे प्रश्न मिटत नाहीत. उलट ते अधिक निकडीचे होतात.

निष्कर्ष :

१. दांपत्य-सहलीचा आराखडा ही निःपक्षपाती माहिती नसून निवड आणि वगळणूक यांतून सिद्ध झालेली संहिता आहे.

२. तिचा एकांत हा निसर्गदत्त नाही. १९५९ पासूनच्या विस्थापनाने तो शक्य झाला आहे.

३. तिचा प्रणय हा वसाहतकालीन प्रतिमांच्या उसनवारीवर उभा आहे.

४. गुर्ना यांच्यासारख्या लेखकाची कादंबरी याच भूगोलाची दुसरी संहिता पुरविते. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे उचित क्षेत्र ठरावे.

मराठी प्रवासवर्णनाला दांपत्याच्या प्रवासाची परंपरा नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) पतिपत्नी दोघेही आहेत आणि वाटेत भेटलेली माणसेही आहेत. किंबहुना त्या माणसांमुळेच तो प्रवास वाचनीय होतो. जोडप्याच्या सहजीवनाला निर्मनुष्य जगाची गरज असतेच असे नाही, एवढे तरी त्यावरून स्पष्ट व्हावे. आराखडा आखणाऱ्याने ओहोटीच्या तासाला किनाऱ्यावर कोण असते आणि कुरणात पूर्वी कोण राहत होते, हे दोन प्रश्न विचारले, तरी 'सफारी' या शब्दाला त्याचा हरवलेला अर्थ काही अंशी परत मिळेल.