जागे कोण झाले?

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. ते १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यंदा जव्हारकडच्या एका मुलीने विचारले, “सर, बाई यायच्या आधी आपण झोपलेले होतो का?” मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्या मागे घरी आला.

मी मोखाड्याकडच्या पाड्यावरचा. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर आणि मी आश्रमशाळेत. घरातला पहिला पदवीधर. हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा मी रडलो होतो. वेठबिगार, लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे जन्मभर राबणारा लग्नगडी, १९४५ चे वारल्यांचे बंड. आपल्या माणसांविषयी छापील मराठीत इतक्या आदराने लिहिलेले मी तोवर पाहिलेच नव्हते. कृतज्ञता हीच आमच्या पिढीची वाचनाची रीत होती. मिळेल ते ओंजळीत घ्यायचे, वर प्रश्न करायचा नाही. बाबूराव बागुलांच्या कथेतल्या नायकाने जात चोरली होती. आम्ही बोली चोरली. वसतिगृहात ‘ण’ सांभाळून बोललो.

त्या मुलीचा प्रश्न उर्मट नाही, तो नेमका समीक्षेचा प्रश्न आहे. माणूस जागा होतो असे म्हटले की त्याला हलवणारा कोणी तरी आलाच, आणि गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली जाते. बाईंनी स्वतःचा मोठेपणा मिरवला असे मी म्हणणार नाही. त्या पाड्यापाड्यांवर पायी हिंडल्या, लोकांत राहिल्या. पण निवेदनातला ‘मी’ त्यांचा आहे. सहानुभूती कितीही खरी असली तरी ती अनुभूतीची जागा घेऊ शकत नाही, हे दलित साहित्याने कधीच सांगून ठेवले. आदिवासींच्या बाबतीत आम्ही मास्तर लोक ते सोयीने विसरलो.

शिवाय या पुस्तकाचा जीव डहाणू-उंबरगावच्या जंगलात आहे. तो ब्रिटिश मुलूख. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान, आणि राजे मुकणे हे महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. आपल्यातलाच राजा असताना आपला माणूस कसा जगला, हा प्रश्न डहाणूच्या सावकाराच्या चौकटीत मावत नाही.

या मुलांचे सगळेच मला पटते असे नाही. अर्धे पुस्तक वाचून निकाल देतात. आम्ही प्रश्न केले नाहीत, पण शेवटचे पान तरी गाठले. ९ ऑगस्टला तारप्यासोबत फोटो काढतात, वारली चित्रांचे सदरे घालतात. घरातल्या म्हातारीजवळ बसायला मात्र सवड नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. तेव्हाच्या आया आता आज्या झाल्या. त्यांना कोणी विचारायचे? पुन्हा बाहेरून कोणी बाई येईपर्यंत थांबायचे?

मी त्या मुलीला म्हटले, तूच लिही. तिने आजीचे बोलणे वहीत उतरवून आणले, आजीच्याच बोलीत. हाताला सवय, लाल पेनाने मी पहिली चार वाक्ये ‘शुद्ध’ केली. पाचव्यात एक शब्द अडला. रात्री आईला फोन करून विचारला. तिने अर्थ सांगितला, आणि लहानपणी हा शब्द मीच रोज बोलायचो, असेही सांगितले.