न्हाव्याच्या खुर्चीत

शिकागो ट्रिब्यूनमध्ये खेळांवर लिहिणाऱ्या रिंग लार्डनरची ‘हेअरकट’ ही १९२५ सालची कथा मी शॉमबर्गच्या लायब्ररीतून आणली ती विनोदी म्हणून. गावचा न्हावी खुर्चीतल्या परक्या गिऱ्हाइकाला जिम केंडॉल नावाच्या वल्लीच्या खोड्या रंगवून सांगतो. दोन पानं मीही हसलो. मग ध्यानात आलं, हे निव्वळ क्रौर्य आहे. शेवटी एका भोळसट पोराच्या हातून गोळी सुटून जिम मरतो. न्हावी म्हणतो, अपघात. वाचकाला तसं वाटत नाही, आणि लार्डनर स्वतः एक अक्षर बोलत नाही.

हा बाज आपल्याला अगदीच नवा नाही. दिवाकरांनी ब्राउनिंगवरून स्फूर्ती घेऊन १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. त्यांतही एकच माणूस बोलतो आणि बोलता बोलता उघडा पडतो. पण तिथलं ढोंग चटकन कळतं. लार्डनरचा न्हावी ढोंगी नाही, चारचौघांसारखा भला आहे. म्हणूनच तो जास्त बोचतो.

शंकर पाटील, मिरासदार यांच्या कथाकथनावर आमची पिढी वाढली. तिथे सांगणारा सगळं जाणून असतो. कुठे हसायचं ते तोच ठरवतो. मला ते आजही प्रिय आहे. मात्र मध्यंतरी एका घरगुती बैठकीत कुणी तोतऱ्या माणसाची नक्कल करून किस्सा सांगितला. टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या. परतताना गाडीत बायको म्हणाली, “आपल्या मागे एक तोतरा मुलगा बसला होता. पाहिलंस?”