टाळ्या कुणाला, खटला कुणावर

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ २०१५मध्ये थिएटरात पाहिला, तेव्हा माझी एक तक्रार होती. बचाव पक्षाचे वकील, सरकारी वकील नूतन, न्यायाधीश सदावर्ते, या तिघांच्याही खाजगी आयुष्यात कॅमेरा निवांत रेंगाळतो. ज्यांच्यावर खटला आहे ते लोकशाहीर नारायण कांबळे मात्र हळूहळू पडद्यावरून नाहीसेच होतात. ज्याचा आवाज दाबला जातोय त्यालाच दिग्दर्शकाने कोपऱ्यात बसवलं, असं वाटलं.

जुलै २०२५मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्या आठवड्यात सिनेमा पुन्हा पाहिला. तक्रार मागे घेतो. आरोपी असाच नाहीसा होतो. त्याला मारावं लागत नाही. पुढची तारीख द्यावी लागते.

आरोप असा की, शाहिराचं गाणं ऐकून मॅनहोल साफ करणाऱ्या वासुदेव पवारने जीव दिला. मग वासुदेवची बायको साक्षीला येते. विचारलं तेवढंच सांगते. गटारात उतरण्याआधी तो दारू प्यायचा, कारण शुद्धीत तो वास सोसवत नसे. आत खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. त्याचा एक डोळा गेला होता. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. गेल्या काही वर्षांत मराठीत याहून जळजळीत प्रसंग मी पाहिलेला नाही. माणूस कशाने मेला हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलेलं असतं, आणि तरीही गाण्याचीच चौकशी चालू राहते.

पण या वेळी मला अडवलं ते दुसऱ्याच जागी. नूतन सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जाते. विनोदी नाटक. मुलीने उत्तर भारतीय मुलगा पसंत केलाय, बाप परप्रांतीयांवर तोंडसुख घेतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. कुठे पोलीस नाहीत, कलम नाही. एकाच शहरातले दोन रंगमंच: एकावरून शेजाऱ्याविरुद्ध चिथावणी दिली जाते, ती करमणूक, दुसऱ्यावरून सत्तेला जाब विचारला जातो, तो गुन्हा. ताम्हाणे यावर एक अक्षर बोलत नाहीत. (थिएटरात तेव्हा मीही हसलो होतो, हे कबूल करायला हवं.)

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने १९१०मध्ये बंदी घातली, हे आपण अभिमानाने सांगतो. परक्या सरकारला नाटक झोंबलं की तो आपला गौरव. आपल्या सरकारला गाणं झोंबलं की मात्र ‘काहीतरी केलं असेल त्याने’ असं म्हणून आपण मोकळे. शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. त्यात ‘सरकारला रुचेल असं बोलण्यासाठी’ अशी अट मला तरी सापडली नाही.

कांबळेंची भूमिका वीरा साथीदारांनी केली. ते स्वतः नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक. एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो थकवा अभिनयाचा किती, हे मला ठरवता येत नाही.

जामिनावर सुटल्यावर कांबळे पुन्हा गातात आणि पुन्हा पकडले जातात; या वेळी यूएपीएखाली. प्रकृती ठीक नाही, पण न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात. न्यायाधीश सहलीला गेलेले, बागेतल्या बाकावर डुलकी घेताहेत. पोरं एकदम ओरडून त्यांना जागं करतात, हाताशी सापडलेल्या एकाला थप्पड बसते. साहेब पुन्हा डोळे मिटतात.