स्वगतातला दुसरा आवाज : मारिन सोरेस्कूचे ‘योना’

साम्यवादी राजवटींतील पूर्व युरोपीय साहित्याविषयी एक वाचनसंकेत आपल्याकडेही रूढ झालेला आहे. त्यानुसार तेथील लेखकाचा उपरोध म्हणजे सेन्सॉरची नजर चुकविण्यासाठी योजलेली सांकेतिक भाषा होय. मारिन सोरेस्कू (१९३६–१९९६) या रुमानियन कवी-नाटककाराचे वाचनही बव्हंशी याच संकेताने होते. त्याला आधार नाही असे नव्हे. त्याची बहुतेक निर्मिती चाउशेस्कूच्या सत्ताकाळातली (१९६५–१९८९) आहे आणि तेव्हा अडलेल्या कवितांचा संग्रह त्याने १९९१ मध्ये ‘सेन्सॉरने निवडलेल्या कविता’ अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध केला. परंतु हा उपरोध केवळ संकेतलिपी असता, तर १९८९ नंतर तिची किल्लीच निरुपयोगी ठरली असती. तसे झालेले नाही. म्हणून या उपरोधाचे मूळ अन्यत्र शोधावयास हवे.

‘योना’ (१९६८) या चार दृश्यांच्या शोकात्मिकेत पात्र एकच आहे. कोळी योना स्वतःला हाक मारतो. प्रतिध्वनी येत नाही. समुद्रात मासा गवसत नाही म्हणून तो सोबतच्या काचपेटीतल्या माशांसाठी गळ टाकतो. माशाच्या पोटात गेल्यावर तो ते पोट फाडतो आणि दुसऱ्या माशाच्या पोटात येतो. अखेरीस मोकळ्या किनाऱ्यावर पोहोचल्यासारखे वाटते, तेव्हा क्षितिजही माशांच्या पोटांचेच बनलेले दिसते. मग तो सुरी स्वतःकडे वळवितो.

बायबलमधील योना तीन दिवसांनी बाहेर येतो. त्याला निनवे नगरीला सांगावयाचा संदेश असतो, संदेश देणारा ईश्वर असतो. सोरेस्कूच्या योनाजवळ यांपैकी काहीच नाही. मासा म्हणजे राज्यसत्ता असे समीकरण मांडणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही : सत्तेच्या बाहेर पडण्याची कल्पना तरी करता येते, परंतु ज्या रचनेला ‘बाहेर’च नाही तिचे काय? तळहाताची कातडी कापून रक्ताने लिहिलेली चिठ्ठी योना पाठवितो आणि काही वेळाने ती त्यालाच सापडते. प्रेषक आणि ग्राहक एकच असल्याचा हा क्षण हास्यास्पदही आहे आणि भयंकरही. सोरेस्कूचा उपरोध नेमका या संधिस्थानी उभा असतो. तो सत्ताधाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी बोलणाऱ्यालाच लक्ष्य करतो.

हे नाट्यरूप त्याच्या कवितेतूनच आलेले आहे. १९६४ चा त्याचा पहिला संग्रह विडंबनकाव्यांचा होता; त्याचे शीर्षक ‘कवींमध्ये एकटा’ या अर्थाचे आहे. इतरांचे आवाज काढून पाहत ज्याने स्वतःचा आवाज शोधला, त्याच्या स्वगतात दुसरा आवाज शिरणे अपरिहार्यच होते. योना स्वतःशी बोलताना दोन होतो, प्रश्न करतो, स्वतःलाच उत्तर देतो. म्हणजे येथे स्वगत हे संवादाच्या अभावाचे चिन्ह नसून संवादाचे शेवटचे उरलेले रूप आहे. पुढे ‘मिठाच्या डोंगराची तहान’ या नाट्यत्रयीत ‘योना’सोबत समाविष्ट झालेल्या ‘पाराक्लिसेरुल’मध्ये देवळाचा सेवक मेणबत्त्यांच्या धुराने भिंती काळ्या करून देवळाला प्राचीनता देऊ पाहतो. श्रोता नसतानाही अर्थ निर्माण करण्याचा हट्ट तोच आहे.

या एकाकीपणाची दुसरी बाजू १९७३ पासून प्रकाशित होऊ लागलेल्या ‘ला लिलिएची’ या काव्यमालिकेत दिसते. बुल्झेश्त या आपल्या ओल्टेनिया प्रांतातील जन्मगावच्या बोलीत सोरेस्कूने तेथील माणसांना बोलते केले. मालिकेचे नाव गावच्या दफनभूमीवरून आलेले आहे. माशाच्या पोटात जो प्रतिध्वनी मिळाला नाही, तो येथे मृतांच्या गावात मिळतो.

१९९३ ते १९९५ या काळात सोरेस्कू सांस्कृतिक मंत्री होता आणि त्याबद्दल साहित्यवर्तुळातून त्याच्यावर टीकाही झाली. विरोधकाची प्रतिमा त्याच्यावर लादणाऱ्या वाचनाला हा काळ अडचणीचा वाटतो. ‘योना’च्या वाचकाला तितका वाटू नये. एका पोटातून दुसऱ्या पोटात जाणे म्हणजे सुटका नव्हे, हे त्या नाटकाने आधीच सांगितले होते. अखेरच्या आजारात पत्नीला सांगून लिहवून घेतलेल्या, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘पुन्तेआ’ (साकव) मधील कवितांतही मृत्यूशी बोलणारा तोच दुभंगलेला, थट्टा न सोडणारा आवाज आहे. सेन्सॉर तेव्हा उरलेला नव्हता. उपरोध उरला होता. सोरेस्कूच्या मूल्यमापनाचा आरंभ या वस्तुस्थितीपासून व्हावयास हवा.